साडेपाच

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर एक घड्याळ होतं, पण वेळ बघायला कुणी तिकडे मान वळवत नसे. ते मालकांच्या वडिलांच्या वेळचं, आणि वेळही बहुतेक त्यांच्याच वेळची दाखवायचं. आम्ही बघायचो खिडकीकडच्या तिसऱ्या टेबलाकडे. तिथे कॅल्क्युलेटरवर पिवळं फडकं पडलं की पाच वीस. डब्याच्या पिशवीचा बंद खांद्यावर गेला की पाच सत्तावीस. आणि खुर्ची टेबलाखाली सरकल्याचा 'खर्र' असा आवाज आला की साडेपाच. म्हणून त्या गृहस्थांचं नाव साडेपाच.

त्यांना आडनाव होतं, मस्टरवर ते रोज सकाळी साडेनऊला उमटायचं, पण वापरात नव्हतं. तोंडावर आम्ही त्यांना नाना म्हणायचो आणि पाठीमागे साडेपाच. 'साडेपाचांना विचारा', 'साडेपाचांच्या सहीशिवाय चेक जाणार नाही', अशी वाक्यं आमच्याकडे कुणाला खटकत नसत. ऑडिटला आलेल्या एका नव्या पोरानं एकदा विचारलं, "साडेपाच कधी येतात?" आमच्यातला एकजण मान वर न करता म्हणाला, "साडेनऊला." पोराचा चेहरा ट्रायल बॅलन्स न जुळल्यासारखा झाला.

ऑफिस फोर्टात, माल मागवायचा आणि पाठवायचा धंदा. वेळ साडेनऊ ते साडेपाच, असं नेमणूकपत्रात छापलेलं. पण नेमणूकपत्रातली वेळ आणि लग्नपत्रिकेतली वेळ यांना आपल्याकडे सारखाच मान. मी १९९१ साली तिथे लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी शेजारच्यानं समजावलं, "साडेपाच ही सुटायची वेळ नाही. साडेपाच हे माणसाचं नाव आहे."

सुटायची खरी वेळ ठरवायचे मालक. मालक राहायला पेडर रोडला. संध्याकाळी तिकडे जायचं म्हणजे गाड्यांच्या रांगेत तासभर, म्हणून ते केबिनमध्ये संध्याकाळचा पेपर वाचत साडेसातपर्यंत ट्रॅफिक ओसरायची वाट बघत. केबिनमध्ये मालक आहेत म्हणून मॅनेजर बसायचे. मॅनेजर बसलेत म्हणून हेडक्लार्क. हेडक्लार्क बसलेत म्हणून आम्ही. आणि आम्ही सगळे बसलोय म्हणून शिपाईमामा, कारण कुलपाच्या किल्ल्या त्यांच्या खिशात. मामा राहायला टिटवाळ्याला. ते म्हणायचे, "शेटची गाडी निघाल्याशिवाय माझी गाडी निघत नाही." पेडर रोडचा ट्रॅफिक अशा रीतीनं रोज टिटवाळ्यापर्यंत जायचा.

या साखळीत एकच कडी नव्हती, खिडकीकडच्या तिसऱ्या टेबलाची.

नानांविषयी लिहायचं तर आमच्या मॅनेजरांविषयी लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. देव आणि दानव एकाच पुराणात असतात. मॅनेजरांचं पाठीमागचं नाव दिवाबत्ती. ऑफिसातला शेवटचा दिवा आपण मालवतो असं ते पाहुण्यांना सांगत. ते यायचे सव्वादहाला. का, तर काल उशीर झाला. मग आज उशिरा बसायचं. का, तर सकाळी उशीर झाला. या चक्राला सुरुवात कुठे झाली हे त्यांनाही आठवत नसावं. आल्यावर चहा, पेपर, कालच्या श्रमांचं वर्णन. मग दुसरा चहा. दीड ते अडीच जेवण. जेवणात सहा डब्यांची चव घेऊन प्रत्येकाच्या बायकोला एकेक निरोप. तीनला डोळे जड. चारला मात्र त्यांना जाग यायची आणि मग जी धावपळ सुरू व्हायची ती बघून बाहेरच्याला वाटावं, बोटीला आग लागलीय. "अरे ती फाइल कुठाय?", "अरे तो टेलेक्स गेला का?" संध्याकाळी सहाला त्यांच्या टेबलावरच्या ढिगामागे ते दिसेनासे होत, आणि मालक केबिनच्या काचेतून बघत तेव्हा त्यांना नेमका तो ढीग दिसे.

त्यांना एके काळी ओव्हरटाइम मिळायचा. पुढे बढती झाली तेव्हा ओव्हर गेला, टाइम राहिला.

खोटं कशाला बोलू, मी दिवाबत्तींच्या गोटातला. नवीन लग्न झालेलं, बढतीची आस. बसायची कला मी त्यांच्याकडूनच शिकलो. खाली चहाला जायचं असेल तर टेबलावर पेनाचं टोपण काढून ठेवायचं आणि चष्म्याची डबी उघडी टाकायची. उघडं पेन आणि उघडी डबी दिसली की माणूस 'इथंच कुठेतरी' असतो. मी चष्मा लावत नव्हतो. तेवढ्यासाठी एक डबी विकत घेतली होती. १९९५ साली ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावर पत्त्यांचा खेळ होता. सात वाजता घरून फोन आला की मामा सांगायचे, "आहेत, पण कामात आहेत." मी काळ्या अठ्ठीवर लाल सत्ती ठेवत असायचो.

आणि नाना? नानांचं टेबल म्हणजे नुकतंच सारवलेलं अंगण. एक लाल पेन्सिल, एक फूटपट्टी, टाचण्यांची डबी, स्टॅम्पपॅड. आल्याआल्या पहिला तासभर चहा नाही, गप्पा नाहीत. दिवसातलं सगळ्यात किचकट काम त्या तासात. "कडू औषध उपाशीपोटीच घ्यायचं असतं," म्हणायचे. कागद एकदा हातात घेतला की निकाल लावूनच खाली ठेवायचा. बाकीचे लोक पत्र वाचून 'बघू' म्हणून ट्रेमध्ये टाकत आणि तेच पत्र आठवड्यात पाच वेळा वाचत. नाना त्याच पत्राच्या समासात दोन ओळींचं उत्तर लिहून टाइपिस्टकडे देत. कुणी 'जरा चर्चा करायची होती' म्हणत आला तर ते स्वतः उभे राहत. समोरचा उभा असताना आपण बसायचं हे माणसाला जमत नाही, त्यामुळे चर्चा चार मिनिटांत आटोपे. पाच दहाला कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या पाठीवर उद्याची तीन कामं लिहायची. तीनच. चौथं लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही.

पार्किन्सन नावाच्या इंग्रज इतिहासकारानं १९५५ साली लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट'मध्ये गमतीनं एक नियम मांडला होता, की काम हातातल्या वेळाइतकं फुगतं. तो पुढे जगभर गाजला. नानांनी तो वाचला नव्हता. ते म्हणायचे, "काम म्हणजे कणीक. परात मोठी घेतली की हात सैल सुटतो, पाणी जास्त पडतं. मग पीठ वाढवा, मग पुन्हा पाणी. शेवटी चार माणसांच्या घरात चाळीस पोळ्या."

त्या कणकेचा प्रत्यय आम्हाला एका मार्च-अखेरीला आला. तेव्हा हिशेब हातानं लिहिले जायचे. लाल कापडी पाठीच्या जाडजूड खतावण्या, आणि वर्षाच्या शेवटी नावे-जमेच्या बाजू जुळवायच्या. त्या वर्षी जुळेनात. फरक ५,४०० रुपयांचा. दिवाबत्तींना स्फुरण चढलं. त्यांनी आम्हा चौघांना बसवलं. पहिल्या रात्री सगळी व्हाउचरं लाल पेन्सिलीनं टिक करून तपासली. दुसऱ्या रात्री निळ्या. तिसऱ्या रात्री हिरव्या. व्हाउचरांची रंगपंचमी झाली, उडप्याकडून इडल्या-वडे आले, त्यांचं बिल 'स्टाफ वेल्फेअर'ला पडलं, आणि मामांची शेवटची गाडी दोनदा चुकली. फरक जागच्या जागी.

चौथ्या दिवशी सकाळी मालकांनी नानांना बोलावलं. नानांकडे बँकेचं काम, खतावणीशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, "फरक किती?"

"पाच हजार चारशे."

नानांनी लाल पेन्सिलीनं माझ्या पॅडवर भागाकार मांडला. "नवानं भाग जातोय. म्हणजे रक्कम राहिलेली नाही, आकडे उलटे पडलेत. पुढचं नऊशेनं भाग. किती आले? सहा. म्हणजे हजाराच्या आणि शंभराच्या घरातल्या आकड्यांची अदलाबदल झालीय आणि त्या दोघांत फरक सहाचा. एकाहत्तरचे सतरा, ब्याऐंशीचे अठ्ठावीस, त्र्याण्णवचे एकोणचाळीस, नाहीतर साठचे सहा. याच जोड्या बघ. बाकीच्याला हात लावू नकोस."

सतरा मिनिटांत सापडलं. वाहतूक खर्चाच्या खात्यात ९,३०० चे ३,९०० झाले होते. अक्षर माझं होतं. तारीख पाहिली तर ज्या रात्री आम्ही साडेनऊपर्यंत बसून काम 'अप टु डेट' केलं होतं, तीच.

आता यातली खरी गंमत पुढे आहे. आठवड्यानं मालकांनी स्टाफची मीटिंग घेतली आणि तीन रात्री जागणाऱ्या आम्हा चौघांचं आणि दिवाबत्तींचं तोंडभरून कौतुक केलं. प्रत्येकाला मिठाईचा पुडा आणि पाकिटात काहीतरी. नानांना काही नाही. मी बिचकत दिवाबत्तींना म्हटलं, "साहेब, नाना..." ते म्हणाले, "त्यांना काय, सतरा मिनिटं तर लागली!"

नाना त्यावर रागावले असतील असं मला वाटलं होतं. ते माझ्या पुड्यातली बर्फी खात म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. दिसलेल्या घामाचे पैसे असतात. न आलेल्या घामाचं बिल कसं करणार?"

बढती त्यांना अठरा वर्षं मिळाली नाही. शेरा ठरलेला: 'काम उत्तम, पण संस्थेबद्दल आत्मीयता कमी.' आत्मीयता मोजायचं आमच्याकडे एकच माप होतं, ते भिंतीवरचं घड्याळ. आणि ते मागे पडलेलं होतं.

नाना काही संत नव्हते. त्यांच्या साडेपाचचा त्रासही व्हायचा. पाच अठ्ठावीसला एकदा त्यांनी विनोद सांगायला घेतला. ऐन रंगात आला आणि खुर्ची 'खर्र' झाली. रात्रभर आम्ही तळमळलो. दुसऱ्या दिवशी साडेनऊला मस्टरवर सही करून त्यांनी शेवटचं वाक्य सांगितलं आणि साडेनऊ वाजून एक मिनिटानं सगळं ऑफिस हसलं. मालकांच्या साठीचा केक कापताना सुरी केकमध्ये होती तेव्हा हे दाराबाहेर होते. आमच्या घरच्या बारशाच्या पेढ्यांचा पुडा मी पाच एकतीसला उघडला, तर त्यांचा पेढा दुसऱ्या दिवसापर्यंत कडक झाला.

मालकही एकदा अडवून बसले. पाच एकोणतीसला पत्र घेऊन बाहेर आले. "नाना, पाच मिनिटं."

"उद्या साडेनऊला पहिलं आपलंच."

"अहो, तातडीचं आहे."

नानांनी पत्र उलटून आवकचा शिक्का बघितला. सकाळी अकराचा. "शेट, सकाळी अकराला आलेलं तातडीचं पत्र साडेपाचला तातडीचं राहत नाही. शिळं होतं."

पण खरंच नड असली की ते थांबत, हेही सांगायला हवं. एकदा बँकेच्या हमीची मुदत त्याच दिवशी संपत होती आणि कागद बंदरावरून उशिरा आले. नाना न कुरकुरता नऊपर्यंत बसले, कागद पुरे करून दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी बरोबर दोनला कॅल्क्युलेटरवर फडकं पडलं. आम्ही दचकून घड्याळं बघितली. "काल साडेतीन तास उसने दिले होते," नाना पिशवी उचलत म्हणाले. "वसूल केले."

मग हा माणूस घरी जाऊन करतो तरी काय? ऑफिसात तर्क चालायचे. कुणी म्हणे विम्याची एजन्सी आहे. कुणी म्हणे शेअर बाजार. दिवाबत्तींचा पक्का संशय, दुसरं बिऱ्हाड. वेळेवर घरी जाणाऱ्या माणसाचं घर एक असू शकतं, हे त्यांना पटत नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी माझं पेन आणि डबी उघडी ठेवून मी त्यांच्या मागे निघालो. बोरा बाजारातून व्हीटी, पाच अठ्ठेचाळीसची गाडी, दारापासून तिसरं बाक. डोंबिवलीला उतरून त्यांनी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, मुळं बघून. मी चाळीसमोरच्या टपरीवर चहा घेत उभा राहिलो. पाचच मिनिटांत गॅलरीतून हाक आली, "अरे, गाडीपासून दिसतोयस. वर ये, इथला चहा जास्त बरा आहे."

आत बघितलं तर ताटात तांदूळ, नाना आणि वहिनी समोरासमोर बसून खडे वेचतायत. मुलगा कोपऱ्यात गणितं सोडवतोय. शेजारचा एकजण कॅरमची पावडर मागायला आला तो बसलाच. दुसरं बिऱ्हाड नव्हतं, एजन्सी नव्हती. एका भिंतीवर रेल्वेचं टाइमटेबल आणि एका भिंतीवर त्यांच्या आजोबांचा गिरणीच्या फाटकासमोरचा फोटो.

मी शेवटी विचारलं, "नाना, रोज घरी येऊन तुम्ही करता काय?"

"असतो."

"म्हणजे? काय करता?"

"अरे, असतो."

वहिनी ताटातून मान वर न करता म्हणाल्या, "असतात खरे. पायात पायात असतात."

आजोबा लालबागच्या एका गिरणीत साच्यांवर होते. नानांच्या साडेपाचचं मूळ त्या फोटोत आहे असं मला वाटतं. कामाच्या तासांचे कायदे त्यांना पाढ्यासारखे पाठ होते. १९११ ला कापड गिरणीतल्या पुरुषांना दिवसाचे १२ तास, १९२२ ला आठवड्याचे ६०, १९३४ ला ५४, १९४६ ला ४८, आणि त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे. "आजा भोंग्यावर जायचा आणि भोंग्यावर यायचा," नाना सांगत. "भोंगा वाजला की साचा थांबणार. साचा थांबला की कुणी त्याला म्हणत नसे, तुझी आत्मीयता कमी आहे. आमच्या ऑफिसला भोंगा नाही, म्हणून तो मीच व्हायचं ठरवलं."

दरवर्षी १० जूनला ते ऑफिसात पेढे वाटायचे. आमची समजूत, मुलाचा वाढदिवस. १९९३ साली मी पेढा तोंडात टाकत विचारलं, "कितवं लागलं?"

"एकशे तीन पुरी झाली."

पेढा घशात अडकला. "कुणाला?"

"रविवारला." नारायण मेघाजी लोखंड्यांनी सभा-अर्जांचा सपाटा लावून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळवून दिली तो दिवस १० जून १८९०. नानांचं म्हणणं, ज्याच्यामुळे आपण आठवड्यातून एकदा दुपारी झोपतो त्याच्या नावानं एक पेढा खायला काय हरकत आहे? दिवाबत्तींनी दुसरा पेढा घेतला आणि रविवारी मला ऑफिसला बोलावलं.

नानांचा साडेपाच एकदाच हरला. २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. फोर्टातून बघणाऱ्याला नेहमीचाच पाऊस. बातम्या यायला लागल्यावर मालकांनी चारलाच सुटी दिली. जवळजवळ सगळे पळाले. नाना म्हणाले, "अजून दीड तास आहे," आणि साडेपाचला निघाले. व्हीटीला गाड्या बंद. चालत दादर, चालत शीव, तिथे गुडघ्याच्या वर पाणी. रात्र एका उभ्या बसमध्ये काढली, सकाळी काही चालत, काही ट्रकमधून, असं करत दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला घरी. वहिनींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "आज लवकर?" इकडे दिवाबत्ती नेहमीप्रमाणे ऑफिसात बसून राहिले होते. टेबलावर गादीसारख्या फायली पसरून कोरडे ठणठणीत झोपले. उशिरा बसण्याचे फायदे ते पुढे तीन वर्षं सांगत होते, आणि त्यांच्याकडे उदाहरण आलं होतं.

हल्ली मला नानांची आठवण वारंवार येते, त्याला कारण माझा भाचा. तो हिंजवडीला आयटीत आहे. त्याच्याकडे ना पेन ना चष्म्याची डबी. लॅपटॉपवर त्याच्या नावापुढे एक हिरवा ठिपका असतो, आणि तो हिरवा राहावा म्हणून जेवताना डाव्या हातानं माउस हलवत असतो. मी म्हटलं, पद्धत सुधारली, कला तीच आहे. २०२३ मध्ये एका नामवंत उद्योजकांनी तरुणांना आठवड्याला ७० तासांचा सल्ला दिला. जानेवारी २०२५ मध्ये एका बड्या कंपनीच्या अध्यक्षांचं बोलणं गाजलं, ९० तासांचं. रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असंही ते म्हणाले होते. मी लगेच डोंबिवलीला फोन लावला. नाना आता पंचाहत्तरीचे. पण पेन्सिल शाबूत असावी, कारण फोनवर खरखर ऐकू आली.

"नव्वद भागिले सहा, पंधरा. डोंबिवली-फोर्ट जाऊन-येऊन तीन. उरले सहा, त्यात झोप, आंघोळ आणि जेवण. जेवण गाडीत उभ्यानं उरकलं तर जमेल." मग थांबून, "रविवार धरून सातानं भागलं तर दिवसाला बारा तास एक्कावन्न मिनिटं. माझ्या आजाला कायद्यानं बारा होते. म्हणजे एकशे चौदा वर्षांत आपण एक्कावन्न मिनिटं पुढे गेलो."

"आणि ते बायकोकडे बघण्याचं, नाना?"

पलीकडे फोन हातातून गेला. वहिनी म्हणाल्या, "त्यांना सांगा, हे पस्तीस वर्षं वेळेवर घरी आलेत. माझी नवी साडी यांना अजून एकदा दिसलेली नाही."

निवृत्तीची गोष्ट सांगायची राहिली. २००८ साली नाना निवृत्त झाले. निरोपसमारंभ साडेचारला ठेवला होता, तो मालक यायला वेळ लागल्यामुळे पाच वाजून पाच मिनिटांनी सुरू झाला. मालक चार वाक्यं बोलले. शाल, श्रीफळ झालं. मग दिवाबत्ती उभे राहिले. कागद काढला नाही हे बघून आमच्या पोटात गोळा आला. ते नानांच्या नोकरीचा इतिहास सांगायला लागले आणि सतराव्या मिनिटाला कसेबसे १९८४ पर्यंत आले. नानांनी शाल घडी करून पिशवीत घातली. नारळ डब्याशेजारी बसवला. "आणि म्हणून मी म्हणतो, अशा माणसाला आपण..." इथवर दिवाबत्ती पोचले असताना खुर्ची 'खर्र' झाली. नानांनी सगळ्यांना हात जोडले, दिवाबत्तींना जरा जास्त वाकून, आणि गेले. दिवाबत्ती क्षणभर अडखळले. पण त्यांना भाषण अर्धं टाकणं जमणारं नव्हतं. उरलेली २४ वर्षं त्यांनी रिकाम्या खुर्चीला सांगितली.

तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, भेट टेबलावरच राहिली. भेट अर्थातच भिंतीवरचं घड्याळ, दिवाबत्तींनी निवडलेलं. मामांना पिटाळलं. मामा खोकं छातीशी धरून धावत व्हीटीला गेले. पाच अठ्ठेचाळीसची गाडी फलाटावर उभी, नाना दारापासून तिसऱ्या बाकावर. त्यांनी खोकं उघडलं, मनगटावरचं एचएमटी जनता त्याच्याशेजारी धरलं आणि म्हणाले, "मामा, चार मिनिटं मागे आहे. ऑफिसच्या घड्याळावरून लावलं काय?"

मामा उत्तर देणार तोच गाडी हलली. ती टिटवाळ्यापर्यंत जाणारी होती आणि समोर बसायला जागा होती. तीस वर्षांत मामांना व्हीटीला बसायला जागा मिळाली नव्हती. ते बसले.

ऑफिसच्या किल्ल्या त्यांच्या खिशात होत्या. आम्ही फोन लावला तर मामांचा मोबाइल त्यांच्याच स्टुलावर वाजत होता. पावणेआठला मालक ट्रॅफिक ओसरला म्हणून गेले, आठला आम्ही. उघडं ऑफिस टाकून जाणं शक्य नव्हतं, तेव्हा दिवाबत्ती थांबले. जाताना मी वळून बघितलं, ते टेबलावर फायली पसरत होते.